वस्तादाच्या नावाचं कवन

पाटण
१७ एप्रिल २०२४

यशराज,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर राग उतरला तर. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकतो, असं तुझी मामी म्हणते. तोफखान्याच्या नोकरीत कान गेले, हात तेवढे राहिले, म्हणून लिहितोय. तूही लिहूनच उत्तर दे.

परवा वरच्या वाडीच्या यात्रेत भेदिकाचा, म्हणजे दोन फडांच्या सवाल-जबाबाचा सामना होता. आमच्या फडासमोर पलूसकडचा एक नवा फड बोलावला होता. पोरं विशीतली, फेटे एकसारखे, डफ कोरा करकरीत. पहिली बारी त्यांची. आणि उभं राहून त्यांनी काय म्हणावं? 'माझी वस्ताद घरात हाय.' आपलं कवन. आपल्या फडाचं, तात्याबा वस्तादांच्या नावाचं, आमच्याच तालुक्यात, आमच्याच तोंडावर. मी डफ मांडीवर घेऊन बसून राहिलो. शेवटच्या बारीसाठी आम्ही तेच राखून ठेवलं होतं. आता आम्ही काय म्हणायचं होतं, आरती?

बरं, उचलायचं तर नीट उचलावं. गेल्या वर्षी तू माईक लावून आमचं गाणं घेतलंस, तेव्हा तिसऱ्या कडव्यात मला ठसका लागला होता. त्या पोरानं तो ठसकाही घेतला. त्याच जागी, तेवढाच लांब. आणि मागच्या झीलकऱ्यांनी तो सुरात उचलून धरला. लोकांना वाटलं ही नवीन हरकत आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्या पोराला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठं शिकलास? तो पाया पडला आणि म्हणाला, "तुमच्याकडनंच की आजोबा. यूट्यूबला हाय." पाया पडलेल्या माणसाला शिवी देता येत नाही, म्हणून तुला देतोय.

माईक लावताना तू म्हणाला होतास, जतन करतो मामा. जतन करणं म्हणजे चव्हाट्यावर मांडणं हे मला माहीत नव्हतं. ज्याला शिकायचंय त्यानं फडात यावं, वस्तादाच्या घरी पाणी भरावं, झील धरावी, मग कवन मिळतं. मी तसंच मिळवलं. ते यूट्यूबवरून ताबडतोब काढ.

मामीनं तुझ्यासाठी शेवयांची पिशवी भरली होती. मी ती अडवून ठेवली आहे.

नाथाजी


सांगली
२६ एप्रिल

ती. मामा,

नमस्कार तुम्ही घेणार नाही, तरी करतो. शेवयांचं मी मामीशी परस्पर बोलेन.

ठसक्याबद्दल मनापासून माफी मागतो. माझा स्टुडिओतला भागीदार, तो जैनांचा अतिशय, तेव्हाच म्हणाला होता की ठसका कापू या. तोच अतिशय, जो दिवाळीत आला होता आणि ज्याच्यासाठी मामीनं कांदा-लसूण न घालता पिठलं केलं होतं. मीच म्हटलं राहू दे, अस्सल वाटतं. एवढी माझी चूक.

बाकीचं मात्र मला अजिबात पटलेलं नाही. तुमच्या फडात आता माणसं राहिलीत किती? पप्पूदादा साठीला आला तरी पप्पूच आणि झील धरायला तोच एकटा. बाकीचे मुंबईला नाहीतर देवाघरी. वस्तादाच्या घरी पाणी भरायला आता कोण येणार, मामा? आणि आलाच कुणी, तर तुमच्याकडं नळ आहे. ही पोरं दिवसभर उसात राबतात, मोबाईलवर बघून डफ शिकतात, तुमच्यासमोर येऊन म्हणतात आणि वर तुमच्या पाया पडतात. यात चोरी कुठली? कवन म्हणजे काय म्हैस आहे का, शेजाऱ्यानं सोडून नेली की आपला गोठा रिकामा व्हायला?

आणि चोरीचाच विषय काढलात म्हणून सांगतो. पप्पूदादानं मला रेकॉर्डिंगच्या वेळी सांगितलंय की हे कवन तात्याबांचं नाही, तुमचं आहे. फौजेतून सुट्टीवर येताना तुम्ही ते करून आणलंत. आणि त्याची चाल लहानपणी डोंगरावर एका धनगराकडून ऐकलेली. त्या धनगराच्या घरी तुम्ही किती पाणी भरलंत?

व्हिडिओ काढत नाही. खाली लोकांनी जे लिहिलंय ते छापून सोबत पाठवतो. चष्मा लावून वाचा आणि मग रागवा.

तुमचा,
यशराज


पाटण
९ मे

यशराज,

पप्पूच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला फार पूर्वी कळायला हवं होतं. त्यानं सांगितलं ते तुझ्यापाशीच ठेव. मामीला तर मुळीच सांगू नकोस.

छापलेले कागद वाचले. कवठे महांकाळच्या कुण्या बाईनं लिहिलंय, 'नवऱ्याला समोर बसवून दोनदा ऐकवलं, आता स्वतःचं ताट स्वतः उचलतो.' माझ्या तोफखान्यातल्या एका जुन्या सोबत्यानं लिहिलंय की आवाज ओळखला. मी हे कागद उशाशी ठेवलेले नाहीत, मामी काहीही सांगेल. राहू दे तो व्हिडिओ. ठसका मात्र काप.

मामीनंही मोबाईलवर ते कवन धरलंय. भाकरी थापताना लावते आणि त्यातली ओळ आली की मोठ्यांदा म्हणते,

'मुलूख सारा फिरलो मी, दाद मिळाली डफाला,
घरचा गाडा ओढला तिनं, दाद कोण देईल तिला?'

मग माझ्याकडं बघून म्हणते, "बघा, तात्याबांनी भर सभेत बायकोला वस्ताद म्हटलं. न्हाईतर तुमी. बावीस वर्सं फौजेत हुता, पत्रात सगळ्यांची खुशाली इचारली, गाईचीबी इचारली." हे ती आजचं म्हणत नाही, पहिल्यापासून म्हणते. मी ऐकू न आल्यासारखं करतो. कान गेल्याचे काही फायदे आहेत.

शेवया पाठवल्या.

नाथाजी


सांगली
३ जून

ती. मामा,

व्हिडिओ गेला. मी काढला नाही, यूट्यूबनं काढला. पुण्याच्या एका म्युझिक कंपनीनं दावा लावलाय की हे कवन त्यांच्या मालकीचं आहे. पलूसच्या पोरांचाही व्हिडिओ गेला. माझ्या चॅनलवर अशा आणखी दोन तक्रारी आल्या तर चॅनलच बंद, म्हणजे तुमच्याबरोबरच्या सगळ्या म्हाताऱ्या शाहिरांची रेकॉर्डिंगं गेली.

अतिशयनं खणून काढलं तेव्हा कळलं की हे तात्याबांच्या नातवाचं काम आहे. विश्वजितनं आजोबांच्या नावाची सगळी कवनं कंपनीला लिहून दिलीत. शेवटच्या कडव्यात 'तात्याबा सांगे भर सभेला, माझी वस्ताद घरात हाय' असं आहे, म्हणजे कवन तात्याबांचं. कंपनीला एवढा पुरावा पुरला. त्यांनी ते नव्यानं गाऊनही घेतलंय, मामा. डफ नाही, कीबोर्ड आहे. गायिका कुणी शुद्ध बोलणारी आहे, ती 'माझी वस्ताद घरात आहे' असं म्हणते. मी ते पूर्ण ऐकू शकलो नाही.

ही सरळ सरळ चोरी आहे. ज्यानं रचलं त्याला न विचारता, न सांगता, त्याच्या कवनावर मालकी लावायची म्हणजे काय? आयत्या बिळावर नागोबा. कायद्यानं रचणारा तो मालक, आणि रचणारे तुम्ही आहात. तुम्ही एक शपथपत्र करायचं, पप्पूदादानं साक्ष द्यायची, की आपण उलट दावा लावू. अतिशयची बहीण प्राची सांगलीच्या कोर्टात वकिली करते, ती मसुदा करून देतेय. तुम्ही फक्त सही करायची.

यशराज


पाटण
१३ जून

यशराज,

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एप्रिलमध्ये कवन म्हैस नव्हतं. आता म्हैस झालं, दावंही आलं आणि गोठ्याला कुलूपही. तुझं पत्र मी पप्पूला वाचून दाखवलं. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

हसून झालं. आता नीट ऐक. मी सही करणार नाही.

आपल्या फडाची रीत तू रेकॉर्ड केलीस, पण समजून घेतली नाहीस. कवन कुणीही जुळवो, शेवटच्या कडव्यात नाव वस्तादाचं. तात्याबांनी स्वतः जुळवलं तेव्हा त्यांच्या वस्तादाचं घातलं. मला बाप नव्हता तेव्हा तात्याबांनी माझ्या हातात डफ दिला, घरात जेवायला घातलं. मी त्यांना दुसरं काय देणार होतो? नाव घातलं की कवन दिलं. दिलेलं परत मागायचं नसतं, आणि मी दिलं असं चारचौघांत सांगायचंही नसतं.

विश्वजितकडं मी जाऊन आलो. म्हटलं, बाबा, निदान गाणाऱ्यांना तरी अडवू नकोस. तो म्हणाला, "आजा माझा, नाव त्याचं. तुमचं नाव कुठं हाय ते दाखवा." दाखवायला कुठंच नाही. मीच ठेवलेलं नाही.

आणि रंगूकाकी अजून आहे. तात्याबांची बायको, नव्वदीला टेकली. त्या कवनामुळं सगळं गाव तिला वस्तादीण म्हणतं. यात्रेत फडाचा नारळ आधी तिच्या हाती देतात. तुझ्या कागदावर सही करून मी तिला काय सांगू, काकी, ती बाई तू नव्हेस? ती बाई कोण, हे तूही मला विचारू नकोस.

नाथाजी


सांगली
२४ जून

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस स्टुडिओत गेलो नाही. अतिशयनं विचारलं घरी कुणी आजारी आहे का.

रीत मला समजते. पण रीत ज्यांना ठाऊक असते त्यांच्यात ती चालते. तात्याबांना ठाऊक होतं कवन कुणाचं, तुम्हाला ठाऊक होतं, फडाला ठाऊक होतं. म्हणून नाव कुणाचंही घातलं तरी खोटेपणा नव्हता. कंपनीला तुमची रीत ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचीही नाही. ती फक्त नाव वाचते आणि कुंपण घालते. तुम्ही वस्तादाला दिलंत ते कंपनीच्या घशात गेलंय. उद्या यात्रेत तुम्ही गायलात आणि कुणी ते मोबाईलवरून थेट दाखवलं, तर तेही बंद पाडतील. वाटायचं म्हणून मी भांडलो, तर तुम्ही म्हणालात चोरी. आता चोरी झाली, तर तुम्ही म्हणताय दिलं. तुमच्याशी भांडायचं तरी कोणत्या बाजूनं?

मला खरं कारण कळलंय. गावात वाईटपणा नको, म्हणून तुम्ही मागं सरताय. तोफखान्यातला माणूस विश्वजितला घाबरतो, हे मी आईला सांगितलेलं नाही.

शपथपत्र सोबत आहे. सही करा, नाहीतर करू नका. पण मला आता रीत समजावून सांगू नका.

यशराज


पाटण
१९ जुलै

चि. यशराजला मामीचे आशीर्वाद.

तुझं जाड पाकीट मी फोडलं. मला वाटलं माझ्या शेवयांबद्दल काहीतरी चांगलं लिहिलं असेल. आतून शपथपत्र निघालं. 'सदर कवन मी स्वतः रचलेले आहे', आणि खाली तुझ्या मामांचं नाव. मी ते वाचलं, परत वाचलं आणि त्यांच्यासमोर धरून विचारलं, हे काय आहे? त्यांना ओरडून विचारावं लागतं, म्हणून ते आळीलाही कळलं.

आधी म्हणाले ऐकू येत नाही. मग म्हणाले, रीत असते. मी म्हटलं, रीत ठेवा बाजूला, कवन तुमचं तर त्यातली बाई कोण? मी गॅस बंद केला आणि म्हटलं, सांगाल तेव्हा भाजी शिजेल. तेव्हा भिंतीकडं बघत म्हणाले, "दुसरं कोण असनार? तूच की."

मला आनंद झाला असेल असं तुला वाटेल. मला असा संताप आला की काय सांगू. अरे, जवळजवळ चाळीस वर्षं मी या माणसाला त्याच्याच कवनाचे टोमणे मारले. त्यांच्या शेतात राबले, सासूचं केलं, पोरं वाढवली आणि मनात एकच, तात्याबांसारखा नवरा पाहिजे होता. आणि हा माणूस समोर बसून भाकरी खातो आणि एकदाही म्हणत नाही की अगं, ते तुझंच आहे. तू त्यांना भित्रा म्हणालास ते बरोबरच, फक्त विश्वजितला भीत नव्हते.

मी शपथपत्र पिशवीत टाकलं आणि वडापच्या जीपनं वरच्या वाडीला गेले. त्यांनी सही केली नाही तर नाही, मी रंगूकाकीला तोंडावर सांगणार होते की ते कवन माझं आहे. माझी वस्तू माझ्या नावानं पाहिजे, बस.

काकी सोप्यात पावटे सोलत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं मला बसायला लावलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. मग म्हणाली, "मला ठावं हाय. पैल्यांदा सभेत म्हटलं त्याच दिशी मी ह्यांना इचारलं, माझ्यावर केलं व्हय? तर म्हणालं, येडी हायस का, नाथाजीनं त्याच्या बायकूवर केलंय, नाव तेवढं माझं."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"मार खाल्ला तवा गावाला ऐकू आलं न्हाई, विजू. कवन ऐकू आलं. बाया येऊन म्हणाय लागल्या, नशिबाची हायस. मी व्हय म्हणलं. व्हय म्हणता म्हणता बरं वाटाय लागलं. म्हाताऱ्यानंबी त्ये कवन झाल्यावर हात उचलायचं कमी केलं. भर सभेत वस्ताद म्हणायचं आनि घरात मारायचं, त्येचं त्येलाच जमंना." मग पाटीतला एक पावटा नीट निवडून बाजूला टाकला आणि म्हणाली, "तुझं हाय तर घिऊन जा. मी न्हाई म्हणनार न्हाई."

यशराज, मी भांडायला गेले होते. भांडणाची सगळी तयारी करून गेले होते. माझ्या समोर चहा आला, तो मी प्यायले आणि म्हटलं, राहू दे काकी.

मी काही मोठ्या मनाची नाही. परत येताना जीपमध्ये मी रडले, ते रागानंच रडले. इतक्या वर्षांनी एक गोष्ट हाताला लागली आणि दुपारच्या आत ती देऊन पण आले. तात्याबांचा राग आला, तुझ्या मामांचा आला, तुझा पण आला. तू तो माईक आणला नसतास तर मी सुखानं टोमणे मारत मेले असते.

विश्वजितला काकीनं माझ्यादेखत बोलावून घेतलं. म्हणाली, म्हाताऱ्याच्या मागं मी हाय, मला न इचारता कागद कुनी केला? तो कंपनीला लिहितो म्हणाला की फडांना गाऊ द्या, कुणाला अडवू नका. लिहील तेव्हा खरं, आणि कंपनी ऐकते की नाही ते तू आणि तुझ्या वकीलबाई बघा. गाणाऱ्यांसाठी भांड, जोरात भांड. पण नाव तात्याबांचंच राहील. शपथपत्र सही न करता परत पाठवतेय. त्याचा खर्च वाया गेला, त्याला इलाज नाही.

घरी आले तर तुझे मामा दारातच उभे होते. काय झालं ते मी त्यांच्या डाव्या कानात सांगितलं. मार खाल्ल्याचंही सांगितलं. ते खाली बसले. वस्तादाच्या घरी इतकी वर्षं जेवले आणि हे कळलं नाही म्हणाले.

मग मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि म्हटलं, आता म्हणा. डफ नको, झील नको, शेवटचं कडवं तर नकोच. ते म्हणाले, सभा असल्याशिवाय कवन म्हणत नाहीत. मी म्हटलं, मी बसलीय की. तेव्हा म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ते फार मोठ्यांदा गातात, सगळी आळी दारात येऊन उभी राहिली. संपल्यावर मी म्हटलं, परत पहिल्यापासून. आता रोज एकदा म्हणायचं ठरलंय, भाजी फोडणीला टाकली की सुरू. त्या पुण्याच्या कंपनीला म्हणावं, काय हरकत घ्यायची ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन घ्या.

तुझी मामी,
विजयमाला